काशीचे वय सांगणारे टेकाड : शिंदे घाट ते राजघाट, अल्प खर्चातील पदभ्रमण

वाराणसीच्या घाटांवर उभे राहिले म्हणजे हे नगर अनादी काळापासून असेच असावे, असे अनेकांना वाटते. वस्तुस्थिती वेगळी आहे. गंगेच्या काठी आज दिसणारी बहुतेक दगडी बांधकामे अठराव्या व एकोणिसाव्या शतकांतील असून, त्यांत मराठी राजघराण्यांचा व सरदारांचा वाटा फार मोठा आहे. काशीच्या प्राचीन नगराचे उत्खननातून सिद्ध झालेले अवशेष मात्र या पायऱ्यांपासून सुमारे तीन किलोमीटरवर, ईशान्येस, राजघाट येथील मातीच्या टेकाडात आहेत.

दरवर्षी महाराष्ट्रातून असंख्य यात्रेकरू काशीस जातात. त्यांपैकी राजघाटच्या टेकाडावर पाय ठेवणारे थोडेच. वास्तविक शिंदे घाटावरून निघून नदीच्या काठाने पायी गेल्यास अर्ध्या दिवसात, जवळजवळ काहीही खर्च न करता, हे स्थळ पाहून होते. तथापि तेथे भव्य मंदिर नाही किंवा उंच मनोराही नाही. या टेकाडावरून पुरातत्त्वज्ञांत, श्रद्धावंतांत आणि जमिनीच्या मालकीवरून निरनिराळ्या संस्थांत जे वाद झाले, ते ठाऊक असल्याशिवाय तेथील उघड्या विटांचा अर्थ कळत नाही.

आरंभ शिंदे घाटापासून

मणिकर्णिकेला लागून असलेला शिंदे घाट बायजाबाई शिंदे यांनी १८३० च्या सुमारास बांधविला. दौलतराव शिंदे यांच्या निधनानंतर, १८२७ पासून १८३३ पर्यंत, ग्वाल्हेरचा कारभार बायजाबाईंच्या हाती होता. ज्ञानवापीच्या विहिरीभोवतीचा स्तंभयुक्त मंडपही त्यांनीच उभारला. घाटाचे बांधकाम इतके भारी होते की काठची गाळाची जमीन खचली आणि घाट दबला. जवळच रत्नेश्वर महादेवाचे देऊळ एका बाजूस सुमारे नऊ अंशांनी कललेले आहे. पावसाळ्यात त्याचा गाभारा पाण्याखाली जातो.

या खचण्यात एक महत्त्वाचा धडा आहे. गंगेच्या या काठावर सर्वत्र भक्कम जमीन नाही. ज्या लोकांनी येथे प्रथम नगर वसविले, त्यांनी पुरापासून सुरक्षित आणि पक्क्या भूमीचा शोध घेतला असला पाहिजे. ती भूमी राजघाटास आहे.

मराठी घाटांची रांग

शिंदे घाटावरून नदीच्या प्रवाहाबरोबर निघाल्यास संकटा घाट आणि गंगामहाल घाट यांच्यानंतर नागपूरकर भोसल्यांचा भव्य घाट लागतो. पुढे गणेश घाटावरील अमृतविनायकाचे मंदिर अमृतराव पेशवे यांनी १८०७ मध्ये बांधविले. जटार घाटास ग्वाल्हेरचे दिवाण बाळाजी चिमणाजी जटार यांचे नाव आहे. पंचगंगा घाटावर औंधच्या पंतप्रतिनिधींनी उभारलेले बिंदुमाधवाचे मंदिर आणि अहल्याबाई होळकर यांच्या नावाशी जोडलेला दगडी दीपस्तंभ आहे. शेजारचे दुर्गा घाट आणि ब्रह्मा घाट हे तर महाराष्ट्रीय कुटुंबांच्या जुन्या वस्तीचे भाग होत.

मराठी भाषेचा काशीशी संबंध या घाटांहूनही जुना आहे. एकनाथांनी आपली भागवतावरील टीका शके १४९५ मध्ये, म्हणजे १५७३ मध्ये, वाराणसीतच पूर्ण केली. शिवाजी महाराजांच्या १६७४ च्या राज्याभिषेकास आलेले गागाभट्ट ज्या भट्ट घराण्यातील होते, ते मूळचे पैठणचे आणि काशीत स्थायिक झालेले होते.

गायघाट आणि त्रिलोचन घाट ओलांडल्यावर गर्दी ओसरते. तेलियानाला आणि प्रल्हाद घाट यांच्या बाजूस बांधकामे साधी होत जातात. पुढे मालवीय पुलाच्या लोखंडी कमानी दिसू लागतात. पुलाच्या अलीकडे व पलीकडे पसरलेली उंच जमीन हेच राजघाटचे टेकाड.

टेकाड कसे घडले

महाराष्ट्रात जुन्या गावठाणाच्या मातीस ‘पांढरी’ म्हणतात. मातीची घरे पडतात, त्यांवर नवी उभी राहतात, चुलीची राख, खापरे आणि हाडे त्याच जागी साचतात. शतकानुशतके असे घडत राहिले की जमिनीची पातळी उंचावते. नेवासे किंवा तेर येथील पांढरीची टेकाडे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना राजघाटची जडणघडण सहज उमजेल. फरक इतकाच की राजघाटास मुळातच नदीचा उंच काठ लाभला होता. त्या नैसर्गिक उंचवट्यावर माणसांच्या वस्तीचे थर चढत गेले.

एका बाजूस गंगा आणि दुसऱ्या बाजूस वरुणा अशा दोन नद्यांचे संरक्षण या जागेस होते. जलमार्गाने व्यापार करणे सोयीचे होते आणि पुराचे पाणी सहसा वर चढत नव्हते. प्राचीन काशी महाजनपदाची राजधानी येथे वसली, यामागे हेच कारण असावे. अकराव्या-बाराव्या शतकांत गाहडवाल राजांच्या काळी हा भाग महत्त्वाचा होता. त्या राजांचे अनेक ताम्रपट वरुणेपलीकडील कमौली या गावी १८९२ मध्ये सापडले. ११९४ मध्ये मुहम्मद घोरीच्या सैन्याने वाराणसी जिंकल्यानंतर नगराचे केंद्र हळूहळू दक्षिणेकडे सरकत गेले. आज ज्यास जुने काशी शहर म्हणतात, ते या अर्थाने त्याहून जुन्या नगराचे उत्तराधिकारी आहे.

१९४० चा शोध

टेकाडावर आघात झाले ते प्रामुख्याने आधुनिक काळात. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी येथे लष्करी तटबंदी केली. १८८७ मध्ये गंगेवर डफरिन पूल खुला झाला. यालाच १९४८ पासून मालवीय पूल म्हणतात. वरून रस्ता आणि खालून आगगाडी अशी त्याची रचना आहे. या पुलाकडे जाणारे मार्ग याच उंचवट्यातून काढण्यात आले.

काशी स्थानकाच्या विस्तारासाठी १९३९-४० मध्ये माती खणली जात असताना जुन्या भिंती, मृण्मूर्ती आणि मुद्रा मोठ्या संख्येने बाहेर पडू लागल्या. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या वतीने कृष्णदेव यांनी १९४० मध्ये तेथे उत्खनन केले. तोवर पुष्कळ माती हलविली गेली होती. कोणती वस्तू कोणत्या थरात होती, याची नोंद नसलेल्या कितीतरी वस्तू संग्रहालयांत पोहोचल्या. राजघाटच्या सुंदर मृण्मूर्ती आज वाराणसीच्या भारत कला भवनात आणि प्रयागराजच्या संग्रहालयात आहेत.

या शोधात वाराणसीच्या नगर-अधिकरणाची, म्हणजे शासकीय कचेरीची, गुप्तकालीन मुद्रा मिळाली. तिच्यावर नगराचे नाव कोरलेले असल्याने प्राचीन वाराणसी हीच, याविषयी शंका उरली नाही. ग्रीक देवतांच्या आकृती उमटविलेल्या मातीच्या मुद्राही सापडल्या. या नगराचा संबंध वायव्येकडील दूरच्या प्रदेशांशी होता, हे त्यांवरून दिसते.

त्यानंतर बनारस हिंदू विश्वविद्यालयाने अ. कि. नारायण यांच्या मार्गदर्शनाखाली १९५७ पासून १९६९ पर्यंत अनेक हंगामांत पद्धतशीर उत्खनन केले. वस्तीचे सहा प्रमुख कालखंड निश्चित करण्यात आले. सर्वांत खालच्या थरांत काळी-तांबडी खापरे, त्यांच्यावर उत्तर भारतातील प्रसिद्ध काळी झिलईदार खापरे आणि त्यानंतर क्रमाने पुढील काळांचे अवशेष, अशी ही मालिका आहे. वरुणेच्या बाजूस मातीचा एक मोठा बांधही आढळला. वस्तीचा आरंभ इसवी सनपूर्व ८०० च्या सुमारास झाला, असा निष्कर्ष या उत्खननातून निघाला.

वाद कशाचा

येथूनच पहिला वाद सुरू होतो. परंपरेच्या दृष्टीने काशी ही कालातीत आहे. सामान्य यात्रेकरूस ती पाच हजार वर्षांची, दहा हजार वर्षांची किंवा सृष्टीइतकी जुनी असल्याचे सांगितले जाते. पुरातत्त्वज्ञाने मांडलेली अठ्ठावीसशे वर्षे ऐकली की काहींना तो काशीचा अवमान वाटतो. उलट, या कालनिर्णयाआधारे सारी परंपराच खोटी ठरविणारेही आहेत. दोन्ही पक्ष टेकाडाला असा प्रश्न विचारतात, ज्याचे उत्तर देण्याची क्षमता मातीत नाही. तीर्थाचे माहात्म्य किती जुने, हे खापरे सांगत नाहीत. अमुक जागी लोक केव्हापासून घरे बांधून राहत होते, एवढेच ती सांगतात.

दुसरा वाद अभ्यासकांमधील आहे आणि तो अधिक फलदायी ठरला. उत्खननाचा खड्डा नेहमी लहान असतो आणि टेकाड फार मोठे असते. एका खड्ड्यात सर्वांत खालचा थर ज्या काळाचा लागला, त्याहून जुनी वस्ती काही अंतरावर असू शकते. बनारस हिंदू विश्वविद्यालयाच्या विदुला जायसवाल यांनी सारनाथ परिसरातील अकथा येथे आणि गंगेपलीकडील रामनगर येथे एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात उत्खनन केले. त्यांच्या मते या भागातील वस्ती इसवी सनपूर्व दुसऱ्या सहस्रकापर्यंत मागे जाते. याचा अर्थ राजघाटचा जुना कालनिर्णय चुकला, असा होत नाही. आसपास आधीपासून लहान खेडी होती आणि त्यांतूनच पुढे राजघाटचे नगर उदयास आले, असे चित्र त्यातून उभे राहते. खेडे केव्हाचे आणि नगर केव्हाचे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. वृत्तपत्रीय मथळ्यांत मात्र ते एकच होऊन बसतात.

अशा वादांचा निर्णय पुराव्यावरच होऊ शकतो आणि येथेच राजघाटची खरी अडचण आहे. टेकाड हा असा ग्रंथ आहे, ज्याचे प्रत्येक पान एकदाच वाचता येते. उत्खननात थर काढला की तो संपतो. त्याची नोंद तेवढी उरते. नोंद न करता काढलेला थर कायमचा नाहीसा होतो. सारनाथ येथे १७९४ मध्ये जगतसिंह यांच्या माणसांनी विटांसाठी धर्मराजिका स्तूप खणून काढला. त्या स्तुपाविषयी कितीतरी प्रश्न आज अनुत्तरित आहेत, ते यामुळेच. राजघाटास रेल्वेच्या कामाने थोड्याफार फरकाने तेच घडले.

जमिनीचा प्रश्न

तिसरा वाद टेकाडावरील जमिनीचा आहे. या उंचवट्यावर रेल्वे, शिक्षणसंस्था, वस्त्या आणि पुरातत्त्व खात्याचे संरक्षित क्षेत्र शेजारी शेजारी आहेत. विनोबा भावे यांच्या विचारांतून वाढलेल्या सर्व सेवा संघाचे केंद्र येथेच होते. १९१६ मध्ये तरुण विनोबा घर सोडून काशीस आले, अन्नछत्रात जेवून अध्ययन करू लागले आणि येथूनच त्यांचा महात्मा गांधींशी पत्रव्यवहार सुरू झाला. त्यामुळे महाराष्ट्रातील वाचकांना या जागेविषयी वेगळी आस्था वाटणे स्वाभाविक आहे. जमीन १९६०, १९६१ आणि १९७० मध्ये रीतसर खरेदी केली होती, असे संघाचे म्हणणे आहे. रेल्वेने तो दावा अमान्य केला. जिल्हा प्रशासनाचा निर्णय रेल्वेच्या बाजूने लागला. जुलै २०२३ मध्ये परिसर रिकामा करण्यात आला आणि १२ ऑगस्ट २०२३ रोजी तेथील इमारती पाडण्यात आल्या. या कारवाईचा देशभरातील गांधीवादी कार्यकर्त्यांनी निषेध केला.

दरम्यान, नदीकाठचे रूपही पालटले आहे. खिडकिया घाटाचा विस्तार करून तेथे नमो घाट उभारण्यात आला आहे. १६ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने वाराणसी ते पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शन या मार्गाच्या विस्तारास मंजुरी दिली. २,६४२ कोटी रुपये अंदाजित खर्चाच्या या प्रकल्पात गंगेवरील नव्या रेल्वे-रस्ता पुलाचा समावेश आहे. जुना पूल १८८७ चा असल्याने नव्या पुलाची गरज कोणी नाकारीत नाही. तथापि पूल कोठेही झाला तरी त्याचे मार्ग काठावरील जमिनीवरूनच जातात. १९४० मध्ये माती आधी हलली आणि पुरातत्त्वज्ञ नंतर आले. यापुढे हा क्रम उलट असावा, एवढीच अपेक्षा आहे.

अल्प खर्चात कसे जावे

मुंबईहून वाराणसीस थेट जाण्यासाठी महानगरी एक्स्प्रेस ही परिचित गाडी आहे. प्रवासास एक दिवसाहून थोडा अधिक वेळ लागतो. शयनयान श्रेणीचे आरक्षण हा सर्वांत परवडणारा मार्ग होय. नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी खुले होते, हे ध्यानात ठेवावे. डिसेंबर-जानेवारीत धुक्यामुळे उत्तर भारतातील गाड्यांना तासन्‌तास विलंब होतो. परतीच्या प्रवासाची आखणी करताना एक दिवस हाताशी ठेवणे शहाणपणाचे.

निवासासाठी धर्मशाळा, मठ आणि सामायिक खोल्यांची स्वस्त वसतिस्थाने उपलब्ध आहेत. शिंदे घाटाच्या गल्ल्यांत मोटार किंवा रिक्षा जात नाही. वाराणसी स्थानकावरून सामायिक रिक्षाने मैदागिनपर्यंत यावे आणि तेथून चौकाच्या बाजूने गल्लीतून घाटावर पायी उतरावे. पाठीवरची पिशवी हलकी असेल तर या अरुंद वाटांवर त्रास होत नाही. जड सामान स्थानकावरील सामानघरात ठेवता येते.

शिंदे घाट ते राजघाट हे अंतर सुमारे तीन किलोमीटर असून, सावकाश चालल्यास दीड ते दोन तास लागतात. सकाळी लवकर निघणे उत्तम. राजघाटच्या पुढे सुमारे एक किलोमीटरवर गंगा-वरुणा संगमाच्या काठी आदिकेशवाचे मंदिर आहे. हे काशीतील फार जुने विष्णुस्थान मानले जाते. परतीसाठी राजघाटावरून सामायिक रिक्षा मिळतात. भाडे बसण्यापूर्वी विचारून घ्यावे. होडीने परतायचे असल्यास एकट्याने ठरविण्यापेक्षा चार-सहा जणांनी मिळून ठरविल्यास खर्च विभागला जातो.

टेकाडावर पुरातत्त्व खात्याच्या कुंपणात लाल खान यांचा अठराव्या शतकातील मकबरा आणि त्याभोवती उत्खननात उघड झालेल्या भिंती आहेत. पुरातत्त्व खात्याच्या ज्या स्मारकांना प्रवेशशुल्क आहे, तेथे पंधरा वर्षांखालील मुलांना ते माफ असते. जवळच्या सारनाथ येथे भारतीय नागरिकांसाठी २०१८ मध्ये ठरलेला दर रोखीने २५ आणि रोखविरहित २० रुपये असा आहे. सारनाथचे संग्रहालय शुक्रवारी बंद असते. राजघाटच्या मृण्मूर्ती पाहण्यासाठी भारत कला भवनास जायचे असेल तर विश्वविद्यालयाच्या सुट्ट्यांची आधी चौकशी करावी. टेकाड पाहून झाल्यावर हे संग्रहालय पाहिले तर मातीतून निघालेल्या वस्तूंचा संदर्भ अधिक स्पष्ट होतो.

ऋतू आणि पथ्ये

ऑक्टोबर ते मार्च हा काळ या पदभ्रमणास अनुकूल आहे. जुलै ते सप्टेंबर या काळात गंगेस पूर येतो, घाटांच्या पायऱ्या पाण्याखाली जातात आणि काठाने चालणे शक्य नसते. पूर ओसरल्यानंतरही काही दिवस पायऱ्यांवर निसरडा गाळ असतो. मणिकर्णिका घाटाच्या पुनर्विकासाची पायाभरणी जुलै २०२३ मध्ये झाली आहे. कामामुळे वाट बंद असल्यास मागील गल्लीतून वळसा घ्यावा. मणिकर्णिकेवरील चितांची छायाचित्रे काढू नयेत. तेथे आलेली माणसे शोकात असतात, हे विसरू नये.

टेकाडाच्या कडेस पावसाने माती धुपली की खापरांचे तुकडे उघडे पडतात. आठवण म्हणून एखादा तुकडा खिशात टाकण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळावा. प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळांविषयीच्या १९५८ च्या कायद्याने संरक्षित स्थळांची हानी करणे हा गुन्हा आहे. २०१० च्या दुरुस्तीनुसार संरक्षित स्थळाभोवती १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध असून, त्यापुढील २०० मीटरांत ते परवानगीवर अवलंबून असते. कायद्यापलीकडेही एक साधे कारण आहे. जागेवर असलेले खापर पुरावा असते. घरातील कपाटात गेलेले खापर केवळ मातीचा तुकडा उरते.

काशीयात्रेत देवदर्शन, गंगास्नान आणि पितरांचे कार्य यांचे स्थान अबाधित आहे. त्यांत एक सकाळ राजघाटासाठी काढली तर बायजाबाईंच्या घाटापासून काशीच्या पहिल्या नगरवासीयांच्या घरांपर्यंतचा अडीच हजार वर्षांहून मोठा काळ चालून पार होतो. काशीच्या वयाचा वाद आणखी कितीही वर्षे चालो, तो मिटविण्याची सामग्री या टेकाडाच्या न खणलेल्या भागात आहे. ती शाबूत राहिली तरच पुढील पिढीच्या अभ्यासकांना उत्तर शोधता येईल.